दोनशे अकरा जणांची एक हरकत

९ जानेवारी

आज एक गंभीर बाब माझ्या नजरेस पडली. कालच्या वर्तमानपत्रात, सातव्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरात. खरं सांगायचं तर माझी सून अल्पा पापडाचे गठ्ठे बांधायला रद्दी काढत होती आणि तेच पान तिने घडी घालून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवलं. पण वाचलं मी, आणि त्याचा अर्थ लागला तोही मला.

आमच्या अंबिकानगरच्या पश्चिमेला कुंपणालगत फतेसिंहभाईंचं तंबाखूचं शेत आहे. ते सगळं शेती झोनमधून काढून औद्योगिक झोनमध्ये टाकण्याचा प्रस्ताव आहे. ज्यांना हरकत असेल त्यांनी दोन महिन्यांत लेखी कळवावं. दुपारपर्यंत चौकशी केली. रंगाची भुकटी बनवणारा कारखाना यायचा आहे.

या सोसायटीत हरकत कशी लिहितात हे कळणारा माणूस एकच. मामलतदार कचेरीबाहेरच्या कडुलिंबाखाली छत्तीस वर्षं टाइपरायटर घेऊन बसलो ते काही उगाच नाही. खेडा जिल्ह्यात हरिवदन भट्टचा अर्ज परत आला असं कोणी दाखवावं. अल्पाला म्हटलं, "बघू काय करता येतं." ती "बरं पप्पा" म्हणाली आणि उडदाचं पीठ कुटायला गेली. या मुलीला कशाचं सोयरसुतक नाही.

११ जानेवारी

कॉमन प्लॉटवर सभा झाली. घरं चौसष्ट, आणि त्यातल्या पन्नासेक घरांत पापड लाटतात. कपिलाबेन (घर नंबर नऊ) तीस वर्षं लाटताहेत. अर्ध्या बायकांना त्यांनीच शिकवलं, आमच्या अल्पालाही. पापड गच्चीवर खाटा टाकून वाळतात. कारखान्याची भुकटी उडून त्यावर बसली की धंदा संपला, एवढं सगळ्यांना कळलं होतं.

आमचे चेअरमन बिपिनभाई टाइल्सचे दुकानदार. ते म्हणाले, "लाल पापड निघाले तर होळीला खपतील की!" पुरुष हसले.

कपिलाबेन म्हणाल्या, "हसा, बिपिनभाई, हसा. तुमची टाइल पुसता येते. पापड पुसून दाखवा."

मसुदा मी करायचा असं ठरलं. दुसरं कोण करणार!

१३ जानेवारी

मसुदा झाला. 'जय भारतसह सविनय कळवण्यात येते की' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत एक पान. कलमं चार, संदर्भ दोन. अल्पाने वाचला आणि म्हणाली, "पप्पा, यात पापड कुठे आहे?"

"आहे की. 'स्थानिक गृहोद्योग'."

"आणि वारा?"

"'पर्यावरणीय बाबी'. तिसरं कलम बघ."

तिने मान डोलावली. सातवी शिकलेल्या मुलीला कचेरीची भाषा समजावणं सोपं नाही. मी चिडलो नाही.

१५ जानेवारी

उतरायण, पतंगांचा सण. दोन दिवस सह्यांचं काम ठप्प. सगळी सोसायटी गच्चीवर, लाउडस्पीकरचा ठणाणा, जिकडेतिकडे उंधियूचा वास. माझे गुडघे गच्चीपर्यंत जात नाहीत, त्याला आता आठ वर्षं झाली.

संध्याकाळी बिपिनभाई खाली येऊन म्हणाले, "हरिवदनभाई, कंपनीच्या अहवालात लिहिलंय ते खरं दिसतं. वारा आपल्याकडून शेताकडे जातो. आज आमचे सगळे कापलेले पतंग तंबाखूतच पडले." कंपनीचा अहवाल कचेरीत बघायला ठेवला आहे, तो त्यांनी वाचून आणला होता. धूर वस्तीच्या उलट दिशेने जाईल असा त्यात दाखला आहे म्हणे.

कपिलाबेन जिन्यातून ओरडल्या, "उतरायण वर्षातून एकदा असते, चेअरमनसाहेब. पापड बारा महिने वाळतो."

बाई फटकळ आहे. मुद्दा काय होता ते मला कळलं नाही.

१८ जानेवारी

माझा मुलगा निमेष बँकेतून आला तो पेढे घेऊन. बढती आणि बदली, दोन्ही. वडोदरा. आठव्या मजल्यावर फ्लॅट बघून ठेवला आहे. म्हणाला, "पप्पा, कारखाना येवो न येवो, आपण तिघं जून महिन्यात तिकडे जाऊ. लिफ्ट आहे. तुमच्या गुडघ्यांना बरं."

अल्पा भाखरी शेकत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही, काही बोलली नाही. म्हणजे तिची तयारी आहे. असणारच, तरुण मुलगी आहे. डिसेंबरात तिच्या नावाचा पापडाचा परवाना आला, घर नंबर सतराच्या पत्त्यावर. तो तिने फळीवर देवाच्या तसबिरीशेजारी ठेवला आहे. आता तो तिथेच राहणार.

मला जायचं नाही. हे इथे लिहितो, कारण दुसरीकडे बोलायची सोय नाही. माझी बायको सविता याच घरात गेली. या गल्लीत कुत्रीसुद्धा मला ओळखतात. पण मुलाच्या बढतीत म्हातारा आडवा आला असं व्हायला नको. मीही पेढा खाल्ला आणि गप्प बसलो.

२१ जानेवारी

दोनशे अकरा! माझ्या मसुद्याच्या झेरॉक्स काढून दोनशे अकरा सह्या. प्रत्येक प्रतीवर नाव आणि घर नंबर. एकही खाडाखोड नाही. बिपिनभाई आणि मी नडियादला जाऊन विकास प्राधिकरणात दिल्या. कारकून मकवाणांनी गठ्ठ्यावर शिक्का मारला. शिक्क्याचा आवाज अजून कानात आहे. येताना बिपिनभाईंनी स्वतःहून गांठिया खाऊ घातल्या.

२८ जानेवारी

पोच आणायला गेलो होतो. मकवाणा भला माणूस. त्याने रजिस्टर माझ्याकडे फिरवून दाखवलं. अंबिकानगर, हरकत संख्या: एक.

मी म्हटलं, "साहेब, दोनशे अकरा."

"काका, मजकूर एकच ना? एकाच मजकुराच्या कितीही प्रती असल्या तरी हरकत एक, सह्या दोनशे अकरा. पद्धत अशीच आहे."

"कधीपासून?"

"मी लागलो तेव्हापासून तरी."

तोंडात मारल्यासारखं झालं. माझा अर्ज परत आला नाही, हे खरं. पण छत्तीस वर्षं मी ज्या मजकुराच्या जोरावर मिरवलो, तो दोनशे अकरा लोकांना एका ओळीत बसवून आला.

३ फेब्रुवारी

अजून कोणाला सांगितलेलं नाही. बिपिनभाई भेटले की "काम फत्ते!" म्हणतात आणि मी हसतो. चांगल्या माणसांच्या तोंडावर खोटं हसणं मला जमतं, हे या वयात कळलं. मुदत ८ मार्चला संपते.

बाजारच्या रस्त्यावर फतेसिंहभाई भेटले. नमस्कार घेतला नाही. तंबाखू आता परवडत नाही, मुलं शेतात पाय ठेवत नाहीत. जमीन विकून सुटावं असं त्यांना वाटतं. त्यांचं म्हणणंही खोटं नाही. आपण कशासाठी भांडतोय, असं वाटून गेलं. मी तर जूनमध्ये जाणारच आहे.

४ फेब्रुवारी

अल्पाने आज जेवताना विचारलं, "पप्पा, ती एकच धरली ना?"

मी हातातला घास ताटात ठेवला. "तुला कोणी सांगितलं?"

तिने ताक वाढलं आणि म्हणाली, "मग आता प्रत्येकीने आपापलं लिहायचं. वेगवेगळं."

"त्यांना लिहिता येतं का काही?"

"पापड लाटता येतो, पप्पा. बोलता येतं. बोलतो तसं लिहायचं."

संध्याकाळी ती कपिलाबेनकडे गेली. तासाभरात सगळ्या सोसायटीला माझी फजिती कळली. कपिलाबेन आमच्या ओट्यावर येऊन म्हणाल्या, "हरिवदनभाई, तोंड लपवून बसू नका. तुमच्या एका अर्जाने निदान कचेरीची खिडकी कुठे आहे ते तरी कळलं." एवढं बोलून एक डबा पापडाच्या पिठाचं डांगर ठेवून गेल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा हलकं वाटलं. बिपिनभाई दोन दिवस तिरके बघतील, बघू देत.

१९ फेब्रुवारी

पत्रं जमताहेत. अल्पाच्या पिशवीतून चार बाहेर डोकावत होती, ती वाचली. कपाळाला हात लावला.

कपिलाबेन लिहितात: 'माझी खाट पूर्वेला असते. दहा वाजेपर्यंत तिथेच. मग वारा शेताकडून सुटतो, तेव्हा मी ती पाण्याच्या टाकीमागे ओढते. तीस वर्षं ओढते आहे, खाटेचे पाय झिजले.'

घर बत्तीसची दक्षा लिहिते: 'गेल्या वर्षी होळीनंतर तिसऱ्या दिवशी तंबाखूची झोडपणी चालू होती. मी चादर झाकायला विसरले. सगळा घाणा तंबाखूचा झाला. गाईनेही तोंड लावलं नाही.'

तिसरीने चादरीला कोणत्या बाजूने विटा ठेवते ते लिहिलं आहे. पश्चिमेच्या. चौथीने तर शेजारणीची तक्रार केली आहे की वाऱ्याने तिच्या गच्चीवरची तंबाखूची भुकटी हिच्या गच्चीवर येते.

खाट, विटा, गाय! कायद्याचा एक शब्द नाही. मी लाल पेन घेऊन बसलो तेवढ्यात अल्पा आली आणि पत्रं माझ्या हातातून काढून घेतली. सात वर्षांत पहिल्यांदा.

"पप्पा, नाही."

"अगं, फक्त शुद्धलेखन."

"तुम्ही शुद्धलेखन म्हणता आणि खाट जाते."

ती पत्रं घेऊन वर गेली. माझ्यावर तिचा भरवसा नाही. जूनमध्ये जो सोसायटी सोडूनच जाणार, त्याच्यावर भरवसा कशाला ठेवायचा.

२६ फेब्रुवारी

सर्दी म्हणावी तर ताप नाही. रोज सकाळी अकराच्या सुमाराला सात-आठ शिंका येतात आणि मग थांबतात. अल्पाचं हिंग. तिला सांगितलं, हिंग जरा बेताने टाक. ती हसली. हसण्यासारखं काय होतं?

६ मार्च

अल्पा, कपिलाबेन आणि दक्षा नडियादला गेल्या. मला नेलं नाही. "रिक्षात जागा नाही, पप्पा." चौऱ्याऐंशी पत्रं. मकवाणाने एकेकाला नंबर टाकला, त्याला सव्वा तास लागला म्हणे, आणि बायकांनी तिथेच बाकावर बसून घरून नेलेले खाखरे खाल्ले, मकवाणालाही दिले.

मी घरी बसून होतो. ते नंबर पडताना बघायला आवडलं असतं.

१७ एप्रिल

आज सुनावणी झाली.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी म्हणजे व्होरा मॅडम. पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज हळू. कंपनीच्या बाजूने एक टाय लावलेला मुलगा होता. त्याने भिंतीवर चित्र दाखवलं, वाऱ्याचे निळे बाण. सगळे बाण आमच्याकडून शेताकडे. "त्यामुळे वस्तीला कोणताही उपद्रव संभवत नाही," तो म्हणाला. वाक्य चांगलं होतं. मीही तसंच लिहिलं असतं.

मॅडमनी विचारलं, "मोजणी कधी केली?"

"डिसेंबरात, मॅडम. पूर्ण पंधरा दिवस."

"आणि उरलेलं वर्ष?"

"त्यावरून अंदाज बांधतात, मॅडम."

मॅडमनी आमची फाइल उघडली. त्यांनी कपिलाबेनची खाट वाचली. दक्षाची गाय वाचली. विटा वाचल्या. सभागृहात खसखस पिकली. मॅडम म्हणाल्या, "चौऱ्याऐंशी पत्रांत एक्कावन्न जणींनी लिहिलंय की थंडी सरली की दहा-अकराच्या सुमाराला वारा फिरतो आणि शेताकडून येतो. एकीचा शब्द दुसरीसारखा नाही. हे कोणी सांगून लिहून घेतलं आहे का?"

बिपिनभाई माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता श्रेय घ्यावं, मार्गदर्शन माझं म्हणावं. उभा राहिलो आणि तोंडातून खरं निघालं: "मॅडम, मी दुरुस्त करणार होतो. मला हात लावू दिला नाही."

लोक हसले. मॅडमही. "कोणी नाही लावू दिला?"

"माझ्या सुनेने. घर नंबर सतरा."

मॅडमनी पानं उलटली आणि सतरा नंबरचं पत्र काढलं. मी ते वाचलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर त्या वाचायला लागल्या. जेवढं आठवतं तेवढं लिहितो:

'मी सात वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आले. मला पापड येत नव्हता. इथल्या गच्चीवर शिकले. परवाना माझ्या नावाचा आहे आणि तो या घराचा आहे, दुसऱ्या घरी चालत नाही. माझ्या नवऱ्याची बदली झाली आहे. आठव्या मजल्यावर घर आहे, पण मला जायचं नाही. माझ्या सासऱ्यांनाही जायचं नाही. ते बोलत नाहीत, पण मला माहीत आहे. मला घड्याळ बघावं लागत नाही. वारा शेताकडून फिरला की खालच्या खोलीत माझे सासरे शिंकतात, मग मी खाटा ओढते. त्यांना वाटतं माझ्या हिंगाने शिंका येतात. तंबाखूची भुकटी आज त्यांच्या नाकापर्यंत येते. उद्या रंगाची येईल. तेव्हा ती पापडावरच नाही, त्यांच्या छातीतही जाईल.'

मी खाली बसलो. डोळे भरून आले ते कोणाला दिसू नयेत म्हणून रुमाल काढून शिंकल्याचं सोंग केलं.

मागून कपिलाबेन म्हणाल्या, "हरिवदनभाई, आत्ता साडेतीन वाजलेत."

अल्पा पलीकडच्या रांगेत खाली मान घालून बसली होती. मला तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं. येताना रिक्षात बिपिनभाई मध्ये बसले आणि सगळा वेळ तेच बोलले. निमेषला तिने कधी सांगितलं, सांगितलं तरी का, काही माहीत नाही. आणि माझ्या मनातलं तिला कसं कळलं? मी एकाही जिवंत माणसाला हे सांगितलेलं नाही.

२० एप्रिल

निमेष मार्चपासून वडोदऱ्यात एकटाच राहतो आहे; त्याला फोन गेला होता, तो आला. दोघं गच्चीवर बराच वेळ बोलत होते. खाली आला तेव्हा मला म्हणाला, "पप्पा, तुम्हालाही यायचं नाही?" मी म्हटलं, "तुझी बढती..." तो म्हणाला, "बढती माझी आहे, पप्पा, घर सगळ्यांचं आहे. नडियादहून गाडीने पाऊण तासाचा तर रस्ता, मी जाऊन-येऊन करीन." मग चिडूनच म्हणाला, "या घरात कोणी तोंड उघडतं की नाही? माझ्या बायकोचं मत मला व्होरा मॅडमच्या कचेरीतून कळतं!"

तो चिडला ते बरं झालं. पण निकाल विरुद्ध गेला तर? मग राहायचं कशाच्या भरवशावर? झोन बदलला की वर्षाच्या आत तंबाखूच्या जागी कारखान्याची चिमणी उभी राहील. अल्पा म्हणते, "बघू." तिच्या 'बघू'चा अर्थ काय ते मला आता नक्की सांगता येत नाही.

२९ मे

निकाल आला.

बिपिनभाई प्रत घेऊन धावत आले, चप्पल एका पायात. मी चष्मा लावून कॉमन प्लॉटवर मोठ्याने वाचला. 'रहिवाशांच्या स्वतंत्र हरकती आणि त्यांतील प्रत्यक्ष अनुभव, तसेच वाऱ्याची मोजणी केवळ डिसेंबरमधील पंधरा दिवसांची असणे, या बाबी विचारात घेता झोन बदलण्याचा प्रस्ताव नामंजूर करण्यात येत आहे.' शेत शेतीच राहणार. छत्तीस वर्षांत हजारो हुकूम वाचले, पण वाचताना आवाज फुटला तो आज. बायकांनी एकदम गलका केला. कपिलाबेन ओट्यावर बसून पदराने तोंड पुसत होत्या आणि कोणी विचारलं तर "घाम आहे" म्हणत होत्या. कंपनी वर अपील करू शकते, हे मी सगळ्यांना सांगितलं. सांगायलाच हवं होतं. दक्षा म्हणाली, "करू दे की. आमच्याकडे लिहायला अजून पुष्कळ आहे."

फतेसिंहभाईंनी अजून नमस्कार घेतलेला नाही. उद्या मी त्यांच्या घरी जाईन. त्यांच्या जमिनीचं काही दुसरं होऊ शकतं का, ते बसून बोलायला हवं.

दुपारी घरात दोघंच होतो. अल्पाला म्हटलं, "बेटा, तुला जायचं नव्हतं, तर मला का नाही सांगितलंस?"

ती लाट्या करत होती. म्हणाली, "तुम्ही विचारलंत कुठे, पप्पा? तुम्ही तर लिहूनच टाकलंत. 'तिची तयारी आहे.'"

"कुठे लिहिलं?"

"वहीत. रोज टेबलावर उघडी पडलेली असते. मी टेबल पुसायला उचलते."

जानेवारीपासूनचं एकेक पान डोळ्यांसमोरून गेलं. सोयरसुतक नाही. सातवी शिकलेली. भरवसा नाही. म्हटलं, "सगळं वाचलंस?"

"जेवढं दिसलं तेवढं." तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "राग नाही आला. एवढंच कळलं की तुम्हालाही जायचं नाही. मग मी माझ्या पत्रात लिहिलं."

रागवायचा हक्क माझा होता, पण राग आलाच नाही. लाज वाटली, आणि फार दिवसांनी कोणीतरी आपलं ऐकलं असं वाटलं. ही वही मी तिच्यापुढे ठेवली आणि पेन दिलं. "मग आजचं तूच लिही. मी लाल पेन काढणार नाही."

तिने हाताचं पीठ पदराला पुसलं. पुढची ओळ तिची आहे.

मला इथंच रहायचं होतं. पप्पांना पण. दोघं एकाच घरात होतो आणि एकमेकांना सांगितलं नाही, एवढंच झालं.